पडदा हा एवढा, गोष्ट ही एवढी

हसा, हसा! तुम्हाला हसायला काय जातंय? तुमची लग्नं झालेली हायेत! ज्याचं व्हायचं ऱ्हाईलंय त्यालाच कळतंय, की पोरीच्या घरच्याला घेऊन पिच्चरला जायचं आसंल तर कोणत्या पिच्चरला जावं आन् कोणत्याचं नाव बी घेऊ नये... मी कोणता निवडला? जनावराचा! आता जनावराचा म्हणल्यावर तुमच्या डोळ्यापुढं बैल आला आसंल, म्हैस आली आसंल. न्हाई हो! इंग्रजी जनावर, हिंदीत डब केलेलं... म्हणजे माणसं हिंदीत बोलतेत, जनावर निस्तं वरडतंय. समुद्रातून निघतंय, डोकं ढगात, शेपूट आजून पाण्यातच, आन् बाहेर आल्या आल्या काय करतंय? बिल्डिंग पाडतंय. मंग? मंग दुसरी बिल्डिंग पाडतंय! मंग त्याच्याहून मोठं दुसरं जनावर येतंय आन् दोघं मिळून ऱ्हायलेल्या पाडतेत! तुम्हाला सांगतो, अख्खी दुपार गेली. पडदा हा एवढा, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत... आन् गोष्ट? ही बघा, ही एवढी. चिमटीत बसंल!

तुम्ही म्हणताल, मंग गेलताच कामून? आवं, मला आवडतेत! खोटं कशाला बोलू. मी उमाशंकर, मुखेडचा, उमा साऊंड म्हणतेत ते माझंच. लग्न आसू द्या, वरात आसू द्या, मिरवणूक आसू द्या, बॉक्सवर बॉक्स चढवून माझी भिंत एकदा उभी ऱ्हायली की समोरच्या घरातल्या मांडणीवरचे डबे आपोआप खाली येतेत. ते डबे पडले ना, की मला कसं, काम झाल्यावानी वाटायचं. जेवढं मोठं तेवढं चांगलं, एवढंच माझं शिक्षण! आन् जनावराच्या पिच्चरमधी काय आसतंय, त्यानं पाय टाकला की बेस खुर्चीच्या बुडातून वर चढतो, पोटात जातो, बरगड्या हालवतो... आहाहाहा! गोष्ट कोणाला पाहिजे? मला गोष्ट कधी लागलीच न्हाई. मी बेस खाऊन पोट भरायचो.

पण डीजेवाल्याला पोरगी कोण देतंय, सांगा? शेती इचारतेत, हाय. घर इचारतेत, बांधलंय. पोरगा काय करतो म्हणलं की आमची आई घाईघाईनं म्हणायची, 'बिजनेस हाय त्याचा!' कशाचा? 'इलेक्ट्रॉनिकचा!' इथपर्यंत सगळं बरोबर जायचं बघा... मंग मी तोंड उघडायचो. आवं, इतकी वर्षं बॉक्सापुढं वरडून वरडून माझा आवाजच तसा झालाय! मी 'चहा छान झाला' म्हणलं तरी लोकाला वाटतंय हा चहाची तक्रार करून ऱ्हायला! उदगीरकडं एका घरी मी नुसतं म्हणलं, 'मला पोरगी पसंद हाय,' तर आतून म्हातारी धावत बाहेर, 'काय झालं वो? कोणाची मारामारी लागली?' झालं! निरोप काय तर, 'कळवतो.' लई घरं फिरलो. समदे म्हणले कळवतो. आजपर्यंत एकानं कळवलं न्हाई!

आन् हसण्यावारी नेतो म्हणून हसण्यासारखं न्हाई हो ते. वरात दारात पोचती, भिंत उतरवायची वेळ येती, मी मिक्सरचं बटण बंद करतो आन् एकदम... गप. एवढा गाव माझ्या आवाजावर नाचून घरी गेलेला आसतो, आन् मी वायरी गुंडाळत बसलेला. 'उमाशंकर, जेवलास का रे?' एवढं इचारायला माणूस न्हाई. लई एकटं वाटायचं, तुम्हाला सांगतो. म्हणून अहमदपूरचं स्थळ आलं तवा मी आईला म्हणलं, आई, ह्या खेपी मी तोंडच उघडत न्हाई.

स्थळ कसं? तर महादेवप्पा. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत, आपल्यातलेच लिंगायत, खाऊनपिऊन सुखी. पोरगी मंजुश्री, फार्मसी शिकलेली, मेडिकल दुकानात बसती. आम्ही गेलो, 'शरणार्थ' म्हणून नमस्कार केला, बसलो. बघतो तर महादेवप्पा खुर्चीत ताठ, काळा चष्मा लावून! मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डाक्टरनं सांगितलं होतं, काही दिवस टीव्ही आन् मोबाईल बघू नका. तर ह्या माणसानं धास्तीनं डोळेच मिटून घेतले! चष्म्याच्या आत बी डोळे बंद! गौरम्मा काकू, म्हणजे त्यांची बायको, त्या हाताला धरून मोरीपर्यंत नेत होत्या. काकू म्हणतेत, 'डाक्टर म्हणलेत की हो, डोळे उघडले तरी चालतंय!' तर हे म्हणतेत, 'डाक्टरचा डोळा हाय का माझा?'

आता पंचाईत बघा. पोरगा बघायचाय ह्यांना आन् डोळे उघडायचे न्हाईत! म्हणले, 'पाव्हणं, बोला कायतरी. मी आवाजावरून माणूस बघतो.' आली का आफत! नेमका आवाजावरून! मी आईकडं बघितलं, आईनं वर आढ्याकडं बघितलं. मी एकदम हळू, जितकं हळू जमंल तितकं, म्हणलं, 'काय बोलू?' तर शेजारच्या घरातून आवाज आला, 'आम्हाला इचारलं का?'

तेवढ्यात पोरगी बोलली. दारात उभी होती, चहाचा ट्रे बी हातात नव्हता, चहा तिच्या मामानं आणला होता. म्हणली, 'घरात बसल्यावर समदेच चांगले दिसतेत. मला बाहेर भेटायचंय. एक पिच्चर बघू. कोणता ते तुम्हीच ठरवा, तुमच्या आवडीचा.' महादेवप्पा म्हणले, 'जावा. पण एकटे न्हाई. आन् येऊन मला सांगायचं, काय बघितलं ते. मला तर समदं बंदच केलंय.' मी म्हणलं हाव. म्हणलं काय अवघड हाय त्याच्यात! आपल्या आवडीचा पिच्चर म्हणजे माझ्या मनात एकच. नांदेडला लागला होता. मोठा पडदा, नवीन साऊंड. म्हणलं पोरीला दाखवू तरी, मोठं काय आसतंय ते!

निघालो. ठरल्या दिवशी, सकाळीच. जीपमधी मी, मंजुश्री, गौरम्मा काकू आन् शिवप्पा मामा. हे मामा म्हणजे काकूचे भाऊ, पिठाची गिरणी हाय त्यांची. काकूनं संगं धपाटे घेतले, शेंगाची चटणी घेतली, दही घेतलं. थेटरच्या दारात तो वाचमन म्हणतो, 'मावशी, बाहेरचं अलाऊड न्हाई.' काकू म्हणतेत, 'बाहेरचं कुठाय? घरचं हाय!' त्यानं परत समजावून सांगितलं, काकूनं परत समजावून सांगितलं. शेवटी वाचमन धपाटं खाऊन ऱ्हायला आन् आम्ही आत!

बसायचं कसं? पहिल्या खुर्चीवर मी, मंग मामा, मंग काकू, मंग त्या टोकाला मंजुश्री. म्हणजे मला तिच्याशी बोलायचं आसलं तर मधी गिरणी आन् धपाटे ओलांडून जायचं! मी म्हणलं जाऊ द्या, आवाज तर माझा कुठंही पोचतो.

पिच्चर सुरू झाला. समुद्र उकळला. जनावर निघालं. पहिला पाय टाकला... ढुम्म्म! तुम्हाला सांगतो, असला बेस! माझ्या अंगावर काटा आला. मी मामाकडं बघितलं, म्हणलं मामा घाबरले आसतील, तर मामा ढाराढूर! घोरत होते! आवं, जनावर वरडून ऱ्हायलं, इमान पडून ऱ्हायले, बंदुका चालून ऱ्हायल्या, आन् हा माणूस लेकरावानी झोपलाय! मधीच पिच्चरमधी एक हिरो-हिरोईन हळू आवाजात कायतरी बोलायला लागले, तर मामा टक्क जागे! 'काय झालं? काय झालं?' काकू म्हणतेत, 'झोप रे, तुला काय न्हाई झालं. गिरणीवर आसंच हाय ह्याचं, पट्टा फिरतोय तवर झोप, पट्टा थांबला की जाग!'

आन् काकू? काकू पिच्चर बघतच नव्हत्या. म्हणजे बघत होत्या, पण भलतंच! सुरवातीला, जनावर यायच्या आधी, एक बाई दाखवली होती. उंच बिल्डिंगच्या गॅलरीत धुणं वाळू घालत होती. बास, तेवढंच. मंग जनावराचं डोकं आलं, धूर आला, बिल्डिंग गेली. काकूनं तिथं जे धरलं ते सोडलंच न्हाई! 'त्या बाईचं काय झालं?' मी म्हणलं, दाखवतील. दुसरी बिल्डिंग पडली. 'ती बाई कुठाय वो?' तिसरं शहर पडलं. 'तिच्या घरी कोण कोण होतं? लेकरं शाळेतून आले आसतील का?' मी म्हणलं काकू, तिचं काम तेवढंच होतं! 'आसं कसं तेवढंच? धुणं अर्धं ऱ्हायलं की तिचं!' आता मी काय सांगू? पडदा हा एवढा, आन् एक बाई कुठं गेली ते दाखवायला ह्यांच्यापाशी जागा न्हाई!

आन् मी कामून लपवू, शेवटी शेवटी दोन्ही जनावरं छातीला छाती भिडली, आवाज चढला, चढला, आन् नेमका वर जायच्या वक्ताला थेटरवाल्यानं दाबला हो आवाज! मला कळतंय ना, धंदा हाय माझा! मी भान हरपून उभा ऱ्हायलो आन् वरडलो, 'वाढव की लेका! बेस वाढव!' अख्खं थेटर मागं वळून बघून ऱ्हायलं. जनावर सोडून माझ्याकडं! आन् त्या टोकाच्या खुर्चीवरून ती... बघितलं तिनं. एकदाच. मी खाली बसलो. म्हणलं उमाशंकर, संपलं. हे बी आता 'कळवतो' म्हणणार.

परत निघालो. लोह्याला चहाला थांबलो. तिथं तिनं मला पहिल्यांदा एक गोष्ट इचारली. म्हणली, 'ते जनावर आलं कामून होतं?'

कामून? आवं, कामून म्हणजे? जनावर हाय, येतंय! मी म्हणलं, '...साऊंड लई भारी होता न्हाई?' तिनं कप खाली ठेवला. तिथून अहमदपूर येईपर्यंत खिडकीच्या बाहेर बघत बसली. आन् मी बी दुसऱ्या खिडकीच्या बाहेर बघत, मनात तेच... च्यायला, खरंच, कामून आलतं ते? एवढं समुद्राच्या तळातून उठून, एवढं चालून, कायतरी काम आसंल की! कोणी एकानं बी सांगितलं न्हाई! तिकीट काढून एवढ्या लांब गेलो, पडदा हा एवढा बघितला आन् घरी नेऊन ऱ्हायलो काय? ही एवढी चिमूट, ती बी रिकामी!

घरी पोचलो तवा दिवस कलत होता. महादेवप्पा तसेच खुर्चीत, काळा चष्मा, आत डोळे बंद. मामा बाजूच्या खुर्चीत टेकले. 'या पाव्हणं. सांगा, काय होती गोष्ट?'

मी म्हणलं, 'अप्पा, एक लई मोठं जनावर हाय.'

'हां.'

'ते समुद्रातून निघतंय.'

'कामून?'

बघा! बाप बी तेच! घरातच हाय! मी म्हणलं, 'निघतंय आसंच. मंग बिल्डिंगा पाडतंय.'

'कोणाच्या?'

'...लोकाच्या.'

'पंचनामा झाला का? भरपाई?'

'तसं काय दाखवलं न्हाई.'

'मंग?'

'मंग त्याच्याहून मोठं जनावर येतंय.'

'ते कामून?'

आवं, मी घामाघूम! महादेवप्पा म्हणजे पोत्यात हात घालून मूठभर सोयाबीन काढणार, नुसतं चोळून सांगणार ओलं हाय का वाळलेलं. तसं माझी गोष्ट चोळून ऱ्हायले होते, आन् हाताला लागून ऱ्हायला निस्ता कचरा! 'एवढं मोठं जनावर खातंय काय? पाणी कुठं पितंय? दोघांचं भांडण कशावरून, बांधावरून का भावकीतलं?' मंग माणूस काय करतो? जे येतंय ते करतो! मी उठून उभा ऱ्हायलो आन् तोंडानं आवाज काढला, 'अप्पा, त्याचा पाय आसा पडतो बघा... ढुम्म्म्म्म!' कपबश्या हालल्या. फळीवरून मांजर उडालं ते थेट शेजाऱ्याच्या पत्र्यावर. गल्लीतले लोक दारात, काय फुटलं म्हणून! आन् शिवप्पा मामा? मामाला गाढ झोप लागली!

महादेवप्पानं हात वर केला. म्हणले, 'पाव्हणं, आवाज नको. आवाज मी मोंढ्यात दिवसभर ऐकतो. डोळे बंद करून बसलोय मी, मला मोठं बी दिसत न्हाई आन् बारीक बी दिसत न्हाई. गोष्ट आसली तर सांगा. नसली तर चहा घ्या.'

चहा घ्या! तुम्हाला सांगतो, एवढ्या घरी फिरलोय, 'चहा घ्या'चा अर्थ मला पाठ झालाय. त्याच्यानंतर चप्पलच घालायची आसती. मी दाराकडं बघितलं. ती दारात उभी होती. तिच्या तोंडावर राग बी नव्हता हो, वाईट वाटून ऱ्हायलं होतं तिला. माझ्यासाठी! म्हणलं राग आला आसता तर गेलो आसतो उठून. पण हिला वाईट वाटलं तर ऱ्हावं लागतंय. खाली बसलो. आन् तोंडातून निघून गेलं, 'हाय अप्पा. गोष्ट हाय. ते जनावर विष्णुपुरीच्या धरणातून निघालं.'

महादेवप्पानं मान हालवली. 'आता आलं ध्यानात. पाणी हाय तिथं. पण कामून निघालं?'

आन् मला काय सुचलं मलाच ठाऊक न्हाई. मी म्हणलं, 'त्याला पत्ता इचारायचा होता.'

काकू पोळपाट घेऊन जात होत्या, त्या थांबल्या. 'कशाचा पत्ता?'

'राहायचा. कुठं राहू, आसं इचारायचं होतं त्याला. पाण्यात एकटंच होतं ते, कोण जाणे किती वर्षं. वर आलं, नांदेडच्या पुलापाशी आलं, लोकं दिसले, लई खूश झालं. खाली वाकून म्हणलं, शरणार्थ! तर त्याच्या आवाजानं पुलावरच्या दुकानाच्या काचा फुटल्या. लोक पळाले. त्याला वाटलं, ऐकू गेलं न्हाई आसंल. म्हणून जरा मोठ्यानं म्हणलं. तर समदं नांदेडच पळालं.'

महादेवप्पा हसले. तुम्हाला सांगतो, तो माणूस हसला! मी पुढं सांगत गेलो. कसं ते सडक सोडून कडंकडंनं चाललं, कारण तुरी फुलावर आल्या होत्या, तुडवल्या आसत्या तर शेतकऱ्यानं शिव्या दिल्या आसत्या. कसं ते लोह्याला आलं, बाजार भरलेला होता, त्यानं बोटाच्या टोकानं एक टोपली उचलली, म्हणलं भाव इचारावा, तेवढंच बोलणं होईल. तर टोपली सोडून बाई पळाली, आन् हे बिचारं ती टोपली धरून उभंच. कुणाची हाय, कुठं ठेवू... मी सांगत होतो आन् मलाच समजून ऱ्हायलं, माझा आवाज खाली खाली येऊन ऱ्हायला होता. वरडायची गरजच नव्हती. कारण कोणी उठत नव्हतं! गल्लीतले दारात आलेले लोक पायरीवर बसले. माझ्या समोर बॉक्स न्हाई, माईक न्हाई, लाईट न्हाई, आन् माणसं बसलेली! असं मला जन्मात कधी झालं नव्हतं.

एवढी शांतता झाली, की शिवप्पा मामा टक्क जागे! 'काय झालं? काय झालं?'

काकू म्हणल्या, 'गप बस! जनावर लोह्याला आलंय!'

'आपल्या लोह्याला?' मामा खुर्चीत पाय वर घेऊन बसले. परत झोपले न्हाईत.

मंग काकूनं इचारलं. इचारणारच होत्या. 'आन् ती बाई? धुणं वाळू घालणारी?'

मी म्हणलं, 'तिचंच घर आलं. इथं, अहमदपुरात. गच्चीवर धुणं वाळू घालत होती. वर बघितलं तर तिच्या पुढं एक डोळा, चुलीएवढा... न्हाई, चुलीएवढा कसा, ह्या खोलीएवढा. जनावर आता थकलं होतं. लई लोकं पळालेले बघितले होते त्यानं. ते म्हणलं, आता हिला इचारतो, ही बी पळाली तर परत जातो पाण्यात, परत येत न्हाई. आन् त्यानं तोंड उघडलं, आन् म्हणलं...'

आन् मी अडकलो. खरं सांगतो. कारण तवर मला कळलं होतं मी कोणाची गोष्ट सांगून ऱ्हायलोय. आता ती बाई काय करंल ते मी कसं सांगू? ते माझ्या हातात कुठं हाय? महादेवप्पा म्हणले, 'मंग? पळाली का?' पायरीवरचे लोक म्हणले, 'मंग?' मी खाली मान घालून बसलो.

आन् दारातून आवाज आला, 'न्हाई पळाली.'

मंजुश्री! सकाळपासून मोजून एक वाक्य बोललेली पोरगी! म्हणली, 'न्हाई पळाली. ओली चादर झटकली, दोरीवर टाकली, आन् त्याला म्हणली, हळू बोल. मला ऐकू येतंय.'

तुम्हाला सांगतो... न्हाई, हे मला सांगताच येत न्हाई. मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, आन् ह्या खेपी खिडकी-बिडकी काय नव्हती मधी.

महादेवप्पा हळूच हसले. चष्मा काढला. आन् ऑपरेशननंतर पहिल्यांदा, डाक्टरच्या सांगण्यानं न्हाई, बायकोच्या बोलण्यानं न्हाई, आपल्या मनानं डोळे उघडले! माझ्याकडं बघितलं बारकाईनं, नमुना बघितल्यावानी. म्हणले, 'दिसायला बी ठीकच हाय की. गौरम्मा, साखर आण.'

तर लग्न ठरलं! आईनं मुखेडात समद्या गल्लीत पेढे वाटले, 'बिजनेस हाय' म्हणायचं सोडून 'डीजे हाय त्याचा' म्हणून सांगायला लागली. मी म्हणलं, माझं लग्न, आता भिंत बघाच! सासऱ्याला इचारलं, 'अप्पा, डीजे चालंल न्हाई?' मला वाटलं नको म्हणतेत. तर म्हणले, 'लावा की! जेवढा मोठा हाय तेवढा लावा. फक्त सुरवातीला माईक माझ्यापाशी द्या, पाव्हण्याचं स्वागत करायचंय.' किती चांगला माणूस! मी म्हणलं घ्या!

आसली भिंत लावली मी, आसली भिंत, मांडवाच्या बरोबरीनं उभी! ओळखीचे समदे साऊंडवाले बघायला आले. नाचणारे पोरं कंबर बांधून तयार. सासऱ्यानं माईक घेतला, खाकरले, आन् म्हणले, 'मंडळी, विष्णुपुरीच्या धरणातून एक जनावर निघालं...'

झालं! अहो, नाचणारे पोरं खाली बसले! आचारी पळी घेऊन बाहेर आले! आन् सासऱ्यानं काय तिखटमीठ लावलंय गोष्टीला! जनावर मधीच मोंढ्यात येतंय काय, सोयाबीनचा भाव ऐकून रडतंय काय, हे मी कधी सांगितलं? मी खुणा करून ऱ्हायलो, अप्पा, आवरा, मुहूर्त! मंजुश्री माझ्या शेजारी बसून हसून ऱ्हायली, म्हणती, 'हळू बोला, ऐकू द्या.' मी लग्न लावणाऱ्या स्वामींकडं गेलो, हात जोडले, म्हणलं, स्वामी, वेळ चालली, तुम्ही तरी सांगा. स्वामी म्हणतेत, 'अक्षता कुठं पळून चालल्या का? ह्यांना पुढचं नीट आठवत न्हाई, तुमचीच हाय ना गोष्ट? त्या बाईनं त्या जनावराला बस म्हणल्यावर चहा दिला का न्हाई, तेवढं सांगा, मंग अक्षता टाकू.'

आन् माझ्या हातात माईक. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, मागं माझीच भिंत, समोर समदा गाव, आन् कोणी खोकत बी न्हाई. आता काय करता? म्हणलं, 'दिला... पण कप लई लहान पडला.'

आन् अख्खा मांडव म्हणतो कसा, 'मंग?'

आता बोला! लोक लग्नात नवरीला हार घालतेत, आन् मी बसलो जनावराला चहा उकळत!